गाडीच्या जागेत एक दिवसाची बाग: जागेच्या निवडीपासून मोजणीच्या तक्त्यापर्यंत

रस्त्याकडेला एक मोटार उभी राहते तेव्हा ती साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर सार्वजनिक जमीन व्यापते. चाळीतली दहा बाय बाराची खोली याहून थोडी लहानच असते. या जमिनीवर दिवसभर एक रिकामे वाहन उभे राहावे, की तेवढ्याच जागेत झाडे, दोन बाके आणि सावली असावी, हा प्रश्न एखाद्या वस्तीपुढे प्रत्यक्ष मांडायचा असेल, तर त्यासाठी चर्चासत्राची गरज नाही. परवानगी घेऊन एका गाडीच्या जागेत एका दिवसापुरती बाग उभारावी, ती संध्याकाळी उचलावी आणि दिवसभरात काय घडले ते आकड्यांत नोंदवावे, एवढे पुरते. हे काम नीट कसे करावे याची माहिती या लेखात क्रमाने दिली आहे. तपशील प्रामुख्याने पुण्याच्या संदर्भात असले, तरी कार्यालयांची नावे बदलून ते राज्यातील इतर शहरांनाही लागू पडतील.

कल्पनेचा उगम आणि आपल्याकडचा फरक

१६ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मध्यवर्ती भागात ‘रीबार’ नावाच्या कलावंत व आरेखकांच्या गटाने पार्किंगच्या मीटरमध्ये नाणी टाकली आणि त्या जागेत गाडी लावण्याऐवजी हिरवळीचे तुकडे अंथरले, कुंडीतले एक झाड आणि एक बाक ठेवले. दोन तासांची मुदत संपल्यावर त्यांनी हिरवळ गुंडाळली, जागा झाडून स्वच्छ केली आणि ते निघून गेले. त्यामागचा विचार असा होता की मीटरचे पैसे भरणे म्हणजे त्या जागेचे अल्पकाळाचे भाडे भरणे, आणि भाड्याच्या जागेत गाडीच ठेवली पाहिजे असे बंधन का असावे? पुढच्याच वर्षी १३ शहरांत अशा ४७ बागा उभ्या राहिल्या. २०११ पर्यंत हा ‘पार्किंग डे’ ३५ देशांतील १६२ शहरांत पोहोचला होता आणि त्या वर्षी ९७५ बागा झाल्या. आजही अनेक शहरांत तो सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी साजरा होतो.

ही कल्पना आपल्याकडे आणताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. मीटरचा युक्तिवाद आपल्या रस्त्यांवर टिकत नाही, कारण बहुतेक रस्त्यांवर मीटर नाहीत, आणि सशुल्क वाहनतळावर ठेकेदाराचा माणूस जी पावती देतो ती वाहन उभे करण्यापुरतीच असते. पावती फाडून तेथे कुंड्या मांडल्या, तर ते अतिक्रमण ठरेल. परंतु आपल्याकडे त्याहून जुनी आणि अधिक रुळलेली एक वाट आहे, ती म्हणजे मांडवाची परवानगी. गणेशोत्सवात आणि नवरात्रात रस्त्याच्या ठरावीक भागावर ठरावीक दिवसांसाठी मांडव घालण्याची परवानगी महापालिका आणि पोलीस देत आले आहेत. त्यासाठीचे अर्ज, ना हरकत पत्रे, रस्ता खोदल्यास होणारा दंड आणि रुग्णवाहिकेसाठी मोकळी सोडायची वाट, हे सारे संबंधित कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असते. आपली बाग म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक दिवसाचा, छत नसलेला छोटा मांडव. माझ्या मते अर्जाची भाषाही तशीच ठेवावी. परदेशी नाव आणि नवीन संकल्पना समजावून सांगण्यात कार्यालयाचा वेळ जातो आणि निर्णय लांबणीवर पडतो.

जागा निवडताना

सर्वांत जास्त वेळ जागेच्या निवडीला द्यावा. सॅन फ्रान्सिस्कोने २०१० मध्ये डिव्हिझाडेरो स्ट्रीटवर पहिले पार्कलेट, म्हणजे पार्किंगच्या जागेतील अधिक काळ टिकणारे बसण्याचे ठिकाण, उभारू दिले आणि पुढे त्याचे नियम तयार केले. त्यांतील तीन नियम कोठल्याही शहरात उपयोगी आहेत. वेगमर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, किंवा त्याहून कमी असलेला रस्ता घ्यावा, रस्त्याचा उतार ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा आणि कोपऱ्यापासून निदान एका गाडीची जागा सोडूनच बाग असावी, म्हणजे वळणाऱ्या चालकाला पुढचे दिसते. याला आपल्याकडच्या गरजा जोडाव्यात. बसथांबा, रिक्षाथांबा, झेब्रा क्रॉसिंग, रुग्णालयाचे किंवा शाळेचे फाटक आणि अग्निशमन दलाच्या गाडीला वळायला लागणारी जागा टाळावी. पावसाळी गटाराचे झाकण किंवा जलवाहिनीची झडप बागेखाली येत नाही, हे प्रत्यक्ष वाकून पाहावे.

पुण्यात आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. अनेक रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशा पाट्या असतात आणि सम-विषम तारखेनुसार वाहने उभी करण्याची बाजू बदलते. आपण ठरवलेल्या तारखेला आपली बाजू वाहनतळाची आहे की वाहने उभी करण्यास मनाईची, हे पाहिल्याशिवाय तारीख पक्की करू नये. मनाईच्या बाजूला बाग केली तर प्रयोगाचा अर्थच हरवतो, कारण ती जागा त्या दिवशी रहदारीसाठी मोकळी ठेवलेली असते.

चारचाकीची जागा घ्यावी, दुचाकींची घेऊ नये, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाक्या सहज मावतात आणि त्या सहसा दुकानांत काम करणाऱ्यांच्या, घरपोच सामान देणाऱ्यांच्या किंवा भाजी घ्यायला थांबलेल्यांच्या असतात. त्यांची सोय हिरावून केलेली बाग वस्तीला आपली वाटणार नाही. तीच गोष्ट फेरीवाल्यांची. एखाद्या जागी दुपारनंतर गाडी लावणारा पथविक्रेता असेल, तर ती जागा सोडून द्यावी. हिरवाईच्या नावाखाली कोणाच्या पोटावर पाय येता कामा नये.

जागेवर आधीपासून एखाद्या मोठ्या झाडाची सावली पडत असेल, तर अर्धे काम झाले असे समजावे. डांबर दुपारी इतके तापते की सावलीशिवाय मांडलेल्या बाकावर कोणी बसत नाही. मात्र त्या झाडाला खिळा ठोकू नये, तार गुंडाळू नये आणि दोरीही ताणून बांधू नये.

मोजणी आधी, बाग नंतर

उत्साहाच्या भरात हा टप्पा बहुधा गाळला जातो, आणि माझ्या लेखी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बाग सुंदर दिसली हे छायाचित्रांतून कळते, परंतु त्या जागेचा उपयोग वाढला की नाही, हे केवळ आकडेच सांगतात. म्हणून बागेच्या एक आठवडा आधी (सम-विषम तारखेच्या रस्त्यावर दोन आठवडे आधी, कारण सात दिवसांनी सम-विषम बदलते), त्याच वारी, त्याच वेळेत, उदाहरणार्थ सकाळी १० ते संध्याकाळी ६, एका स्वयंसेवकाने समोर बसून नोंद करावी. गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली, तिच्यातून किती माणसे उतरली आणि जागा किती वेळ रिकामी राहिली, एवढे चार रकाने पुरतात. वाहनांचे क्रमांक लिहू नयेत, कारण त्यांची गरज नाही आणि लोकांना ते खटकते.

हिशेब कसा मांडावा, ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. आठ तासांत त्या जागेवर चार गाड्या प्रत्येकी दोन तास उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीतून दोन माणसे आली, तर ती जागा दिवसभरात आठ जणांच्या उपयोगी पडली. बागेच्या दिवशी दर १५ मिनिटांनी तेथे बसलेल्या माणसांची संख्या लिहावी आणि नव्याने आलेल्यांची वेगळी खूण करावी, म्हणजे एकूण माणसे आणि बसण्याचा सरासरी काळ दोन्ही कळतात. शेजारच्या दोन-तीन दुकानदारांना त्या दिवशी गिऱ्हाईक कमी झाले का, हे त्याच संध्याकाळी विचारावे आणि उत्तर मनाजोगे नसले तरी जसेच्या तसे लिहावे. ज्यांचे आकडे प्रतिकूल गोष्टीही सांगतात, त्यांच्यावरच अधिकारी पुढे विश्वास ठेवतात.

परवानगी

निदान सहा आठवडे आधी सुरुवात करावी. पुण्यात महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय, मुंबईत विभाग कार्यालय, हे पहिले दार. दुसरे वाहतूक पोलिसांच्या त्या भागातील विभागाचे आणि तिसरे स्थानिक पोलीस ठाण्याचे. छत किंवा कनात असेल, तर अग्निशमन दलाचे ना हरकत पत्र लागू शकते. म्हणून पहिल्या वेळी छत टाळलेले बरे. जागा सशुल्क वाहनतळात येत असेल, तर ठेकेदाराचे त्या दिवसाचे उत्पन्न बुडते, हे मान्य करून तेवढी रक्कम भरण्याची तयारी अर्जातच दाखवावी.

अर्जासोबत पाच गोष्टी जोडाव्यात: जागेची दोन छायाचित्रे, मापांसह हाताने काढलेला स्वच्छ आराखडा, मांडणी व उचलण्याच्या वेळा, समोरच्या व बाजूच्या दुकानदारांची आणि रहिवाशांची लेखी संमती, आणि जबाबदार व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक. त्याखाली काही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहून द्याव्यात. रस्ता खोदला जाणार नाही. कोणत्याही वस्तूची विक्री होणार नाही. ध्वनिक्षेपक वापरला जाणार नाही. मोकळ्या रस्त्याची रुंदी आजच्यापेक्षा एक इंचानेही कमी होणार नाही. जागा सायंकाळी अमुक वाजता झाडून परत केली जाईल. फलक लावायचा असल्यास तो एकच आणि हाताने रंगवलेला असावा. प्रायोजकांची नावे मिरवणारे मोठे फलक लावले की प्रकरण आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे जाते आणि लोकही त्याकडे जाहिरात म्हणूनच पाहतात.

पुणेकरांना अर्जात एक दाखला देता येईल. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेनेच लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला होता. त्या मानाने आपण एका गाडीची जागा मागत आहोत. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ मध्येही वाहनतळाचे शुल्क त्या जमिनीच्या मोलाशी सुसंगत असावे, अशी भूमिका घेतलेली आहे. या दोन्ही गोष्टी एका परिच्छेदात, वाद घालण्याच्या सुरात न मांडता, लिहाव्यात.

परवानगी नाकारली गेली तर रस्त्यावर जबरदस्तीने मांडणी करू नये. गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील पाहुण्यांच्या वाहनांची जागा, महाविद्यालयाचा वाहनतळ किंवा एखाद्या दुकानदाराच्या मालकीचे समोरचे अंगण येथे तोच प्रयोग, तीच मोजणी करता येते आणि त्या नोंदी घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो.

तारीख आणि हवामान

सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार आपल्याकडे गैरसोयीचा आहे. पाऊस पूर्ण सरलेला नसतो आणि गणेशोत्सवाच्या आसपास पोलीस व महापालिका या दोहोंवर कामाचा मोठा ताण असतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. आठवड्याचा मधला कामाचा दिवस निवडावा, कारण रविवारी मोकळ्या रस्त्यावर केलेल्या बागेने काहीच सिद्ध होत नाही.

मांडणी: कड, जमीन, झाडे

रहदारीच्या बाजूची कड हा बागेचा कणा आहे. तेथे हलकी कुंडी किंवा दोरी चालत नाही. दोनशे लिटरचे प्लास्टिकचे पिंप उभ्या रेषेत कापून दोन अर्धुके केली की प्रत्येकाची सुमारे ९० सेंटिमीटर लांबीची पन्हळ तयार होते, आणि अशा पन्हळी एका रांगेत ठेवल्या की कड पूर्ण होते. पिंप रसायनाचे नसून खाद्यपदार्थाचे होते, याची खात्री करून घ्यावी आणि कापलेली धार पाइप चिरून झाकावी. अर्धुके गोल बुडाची असल्याने दोन्ही बाजूंना विटा लावून स्थिर करावीत. एका दिवसासाठी त्यांत माती भरून रोपे लावू नयेत. तळाशी वाळूची पोती ठेवावीत, त्यांवर रोपवाटिकेतल्या पिशवीतली रोपे उभी करावीत आणि मधल्या फटी नारळाच्या सोडणांनी भराव्यात. असे केल्याने वजन मिळते, मुळे दुखावत नाहीत आणि संध्याकाळी रोपे जशीच्या तशी परत करता येतात. पन्हळींची बाहेरची बाजू जागेच्या आखलेल्या रेषेपासून ३० सेंटिमीटर आत असावी, तिच्यावर रेडियमची पट्टी चिकटवावी आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकचे कोन ठेवावेत. पुढच्या व मागच्या गाडीसाठी चार फूट मोकळे सोडावेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या नियमांतही हेच अंतर आहे आणि ते अनुभवातून आलेले आहे, कारण गाडी मागे घेताना चालकाला ठेंगणी वस्तू दिसत नाही. बागेत यायचे ते केवळ पदपथाच्या बाजूने. रस्त्याच्या बाजूने कोठेही फट राहू देऊ नये, विशेषतः मुले येणार असतील तर.

पदपथ रस्त्यापेक्षा उंच असतो, आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी किंवा गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी ती एक पायरीच अडचण ठरते. पदपथाची कड १५ सेंटिमीटर उंच असेल, तर १ ला १२ या प्रमाणात उतार काढायला १ मीटर ८० सेंटिमीटर लांबी लागते, म्हणजे बागेचा मोठा भाग त्यातच जातो. त्यापेक्षा लाकडी पट्ट्यांवर जाड प्लायवूड टाकून बागेची जमीनच पदपथाच्या पातळीला आणावी. सुताराकडून असे चार सुटे चौथरे करून घेतले, तर ते पुढच्या बागांनाही वापरता येतात. चौथऱ्यांखालून कडेचे पाणी वाहून जाईल इतकी वाट मोकळी ठेवावी. खर्च परवडत नसेल, तर निदान एक बाक पदपथालाच लागून, पायरी न उतरता बसता येईल असा ठेवावा.

हिरवळीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. तयार हिरवळीचे तुकडे चौरस फुटाच्या दराने मिळतात आणि छायाचित्रांत ते फार शोभतात, परंतु ओल्या मातीसह त्यांचे वजन एका चौरस मीटरला १५ ते २० किलो भरते, आणि दिवसभर गुंडाळून पडले तर ते आतून तापून पिवळे पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोठे लागणार, ती शाळा किंवा ते उद्यान आधीच ठरले असेल तरच आणावेत. अन्यथा काथ्याच्या चटया आणि सतरंज्या अंथराव्यात. लोक त्यांवर अधिक मोकळेपणाने बसतात.

रोपे विकत घेण्याची गरज नाही. लग्नसमारंभांसाठी कुंड्या भाड्याने देणाऱ्या रोपवाटिका बहुतेक शहरांत आहेत. मागच्या बाजूला उंचीसाठी सोनचाफा, पारिजातक किंवा केळ, मध्ये जास्वंद आणि अडुळसा, पुढे हाताला लागतील अशा ठिकाणी तुळस, गवती चहा आणि कढीपत्ता अशी रचना करावी. सुगंधी पाने चुरगाळून पाहण्यासाठी लोक थांबतात आणि तेथूनच बोलणे सुरू होते. कण्हेर आणि शेर यांसारखी विषारी किंवा चीक असलेली झाडे टाळावीत, कारण लहान मुले हात तोंडात घालतात.

प्रत्यक्ष दिवस

आदल्या रात्रीच जागा धरून ठेवावी लागते. सकाळी गाडी उभी असेल तर सगळे अडते. वाहतूक पोलिसांच्या संमतीने रात्री कोन आणि सूचनाफलक ठेवावेत आणि एकाने पहाटेपासून तेथे थांबावे. सकाळी ७ वाजता चौघे जण कामाला लागले, तर पहिल्या अर्ध्या तासात झाडलोट आणि ताडपत्री, मग रहदारीकडची पन्हळींची रांग, मग चौथरे आणि सर्वांत शेवटी बाके व कुंड्या, अशा क्रमाने साडेनऊपर्यंत मांडणी होते. कडेची रांग पूर्ण होईपर्यंत एका स्वयंसेवकाने झळकणारे जाकीट घालून रहदारीकडे तोंड करून उभे राहावे. त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये.

बसणाऱ्यांना काय करायचे ते सांगत बसू नये. पिण्याच्या पाण्याचा माठ, दोन वर्तमानपत्रे, एक बुद्धिबळाचा पट एवढे पुरे. दिवसभर दोघांनी आळीपाळीने तेथे असावे: एक मोजणीसाठी, दुसरा प्रश्नांसाठी. चिडलेला वाहनचालक हमखास येतो. त्याच्याशी वाद न घालता परवानगीची प्रत दाखवावी, जवळचा वाहनतळ कोठे आहे ते सांगावे आणि त्याचे म्हणणेही नोंदवहीत लिहून घ्यावे. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडीला जागा लागलीच, तर दोन मिनिटांत कोणत्या पन्हळी हलवायच्या, हे सकाळीच ठरलेले असावे.

उचलण्याचे काम मांडण्याच्या उलट क्रमाने करावे, म्हणजे कडेची रांग सर्वांत शेवटी निघते. ताडपत्रीवर सांडलेली माती झाडून पोत्यात भरावी, गटारात लोटू नये. नंतर रिकाम्या जागेचे छायाचित्र सकाळच्याच कोनातून घ्यावे. अनामत रक्कम परत मिळवताना आणि पुढच्या परवानगीच्या वेळी ते छायाचित्र कामी येते.

नोंदींचे पुढे काय

आठ दिवसांच्या आत दोन पानांचा अहवाल तयार करावा. पहिल्या पानावर दोन्ही दिवसांच्या मोजणीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवावा, दुसऱ्या पानावर दुकानदारांची, रहिवाशांची आणि तक्रार करणाऱ्यांची मते. हा अहवाल क्षेत्रीय कार्यालयात आणि वाहतूक विभागात आवक शिक्का घेऊन द्यावा. पुणे महापालिका अंदाजपत्रकापूर्वी नागरिकांकडून आपापल्या प्रभागातील कामांच्या सूचना मागवते. त्या अर्जात ‘या रस्त्यावर हिरवाई हवी’ असे मोघम लिहू नये. अमुक रस्ता, अमुक दुकानासमोरची अमुक मापाची जागा, तेथे दोन बाके, पन्हळींची रांग आणि पाण्याची सोय, एवढे नेमके काम लिहावे आणि सोबत तो तक्ता जोडावा.